भोक नाही, तरी गळतो!

एक फुगा घ्या. ड्रॉपरने त्यात व्हॅनिला इसेन्सचे चार-पाच थेंब सोडा, पंपाने हवा भरा, गाठ मारा आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात झाकून ठेवा. तासाभराने झाकण उघडा. आइस्क्रीमचा वास! फुगा पाण्यात बुडवून पाहा, एकही बुडबुडा येणार नाही. भोक नाही, मग वास बाहेर आला कुठून?

रबर म्हणजे शेवयांचा गुंता. लांबच लांब रेणू एकमेकांत अडकलेले आणि सारखे वळवळणारे. त्यांच्या फटींतून वासाचे चिमुकले रेणू अंग चोरून पलीकडे निसटतात.

आता चला वऱ्हाडात. पावसाळ्यात अकोला-अमरावतीकडच्या वावरांत पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालते. बाटलीतलं 'औषध' पाण्यात कालवायचं, पाठीवर पंप घ्यायचा आणि निघायचं. (औषध कसलं, अळीसाठी विषच ते. पण सगळे औषधच म्हणतात.) २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. विष नाकातोंडातून जातं तसं कातडीतूनही शिरतं. सगळ्यात कडक असतं ते बाटलीतलं, पाणी न घातलेलं. म्हणून ते ओततानाच हातमोजे हवेत.

पण कुठले? बरीच कीटकनाशकं तेलकट द्रवात विरघळवलेली असतात. असा द्रव फुग्यासारख्या साध्या रबराच्या मोज्यात मुरतो, रबर फुगतं आणि फटी आणखी मोकळ्या होतात. नायट्राईल या कृत्रिम रबराचे मोजे तेलकट पदार्थांपुढे जास्त टिकतात. कापडी मोजे तर विष पिऊन हातालाच चिकटवून ठेवतात!

मोज्याची परीक्षा मोठी मजेदार असते. त्याचा गोल तुकडा कापून दोन डब्यांच्या मधोमध पडद्यासारखा आवळतात. एकीकडे रसायन, दुसरीकडे स्वच्छ हवा किंवा पाणी. घड्याळ सुरू! पलीकडचं यंत्र सतत हुंगत बसतं. युरोपातल्या नियमानुसार, दर मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, पलीकडे यायला लागला की मोजा हरला. १० मिनिटांच्या पुढे टिकला तर पहिली पायरी, ४८० मिनिटांच्या पुढे टिकला तर सहावी. ४८० मिनिटं म्हणजे पूर्ण आठ तास.

आणि कधीकधी हरायला मिनिटही लागत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत कॅरन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या लॅटेक्सच्या, म्हणजे साध्या रबराच्या, मोज्यावर डायमिथाईल मर्क्युरी या जहाल विषाचे थेंब सांडले. पुढच्या वर्षी त्या गेल्या. नंतर तसाच मोजा तपासला, तर रसायन १५ सेकंदांच्या आत आरपार!

एक गंमत राहिलीच. ही परीक्षा २३ अंश सेल्सिअसला घेतात. ऊब वाढली की शेवया जोरात वळवळतात आणि रेणू लवकर निसटतात. दुसरा फुगा उन्हात ठेवलेल्या खोक्यात घालून वास किती मिनिटांत येतो ते मोजा. मग सांगा, अकोल्याच्या उन्हात तोच मोजा किती वेळ टिकेल?