ऑइल बदलायचंय? पार्किंगमध्येच बदला, पण गटारात ओतू नका!

मंडळी, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात सगळ्यांच्या तोंडी होती. विषय अर्थात पेट्रोलचा होता. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये मात्र बऱ्याच जणांनी हा मंत्र इंजिन ऑइललाही लावलेला दिसतो! गाडी सेकंडहँड घेतली, दोन वर्षं पिदडली, ऑइल शेवटचं कधी बदललं ते कुणालाच ठाऊक नाही. मग इंजिन खडखडायला लागलं की वर्गणी काढायची. त्यापेक्षा अर्ध्या तासाचं काम आपणच शिकून घेतलेलं काय वाईट?

आधी थोडी थिअरी (व्हायवाला नाही विचारणार, घाबरू नका). स्टाफमधल्या काही सरांना जुनी टू-स्ट्रोक चेतक आठवत असेल. तिच्यात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि ते जळून जायचं, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. आपल्या फोर-स्ट्रोक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांनाही तेच एक ऑइल. म्हणून कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये टाकायचं नाही. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच प्लेटा घसरतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलंय का ते बघा. ‘एमबी’ हे ऑटोमॅटिक स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो.

आता ‘१०डब्ल्यू-३०’. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. मोठा आकडा म्हणजे भारी ऑइल, असं काही नाही. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर २०डब्ल्यू-५० टाकून गाडी खूश होणार नाही.

कधी बदलायचं? मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरायचं. गाडी फक्त हॉस्टेल ते स्टेशन फिरते म्हणून निश्चिंत राहू नका. एवढ्याशा फेरीत इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे आत साठलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं. ऑइल काळं झालं म्हणजे वाया गेलं असंही नाही, ते मळ धरून ठेवतंय इतकंच. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, ताबडतोब बदला.

सामान: योग्य ग्रेडचं ऑइल, बोल्टच्या मापाचा रिंग पाना, नवा वायसर, जुना टब, नरसाळं, चिंध्या आणि हातमोजे. मोजे विसरू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये कॅन्सरशी संबंध असलेली संयुगं जमा होतात, ती कातडीला लागू नयेत.

आता कृती:

१. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा. कोमट ऑइल पातळ होऊन मळासकट बाहेर येतं. लांबून आल्या आल्या मात्र बोल्टला हात लावू नका, भाजेल.

२. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. वरचं फिलर झाकण काढा, खाली टब ठेवा.

३. ड्रेन बोल्ट इंजिनच्या पोटाला असतो. बोल्टच्या डोक्याकडे खालून बघितलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. वरून वाकून बघणाऱ्याला दिशा उलटी वाटते आणि तो बोल्ट आणखी आवळत बसतो!

४. दहा मिनिटं निथळू द्या. किक असेल तर इग्निशन बंद ठेवून दोन-चार हलक्या किक मारा. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत तोही मॅन्युअलप्रमाणे बदला.

५. नवा वायसर घालून बोल्ट आधी हातानेच फिरवा. बोल्ट स्टीलचा, क्रँककेस ॲल्युमिनियमची. तिरका बसवून पाना मारला किंवा जोर दाखवला की आटे गेलेच, मग लेथवाल्याच्या पायऱ्या झिजवा. मेकॅनिकलवाल्यांनी टॉर्क रेंच आणला तर उत्तम.

६. ऑइल मोजून ओता. १०० सीसीला साधारण ९०० मिली लागतं, नक्की आकडा मॅन्युअलचा. तिथे दोन आकडे असतात, इंजिन पूर्ण उघडल्यावरचा आणि नुसतं ऑइल काढल्यावरचा. आपला दुसरा, लहान असतो तो.

७. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, मग डिपस्टिकने पातळी बघा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असलं तर इंजिन झिजतं, जास्त झालं तर ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरकडे जातं. बोल्टखाली गळती नाही ना, तेही बघा.

वॉरंटीतली गाडी मात्र सर्व्हिस सेंटरलाच न्या.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई परिसरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी सेल्फ किंवा किक मारून सुरू करू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि ड्रेन बोल्ट काढला की आधी तेच बाहेर येतं. प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर तपासून घ्या, नवं ऑइल घाला, मगच चाचणी.

आता टबातलं जळकं ऑइल. ‘टाक रे गटारात, पाऊस वाहून नेईल!’ पाऊस नेतो, पण कुठे? नवी मुंबईचे पावसाळी नाले सिडकोने बांधलेल्या होल्डिंग पाँडमध्ये आणि तिथून ठाणे खाडीत जातात. वाटेत शुद्धीकरण केंद्र नाही. तीच खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर पाणथळ जागा. दर हिवाळ्यात कॅमेरे घेऊन फ्लेमिंगो बघायला जायचं आणि पावसाळ्यात त्यांच्या ताटात जळकं ऑइल वाढायचं, हे काही बरं नाही! शिवाय कायद्यानेही वापरलेलं ऑइल हा घातक कचराच आहे (नियम २०१६ चे). चेनला चोपडायलाही ते नको, त्यातली धातूची कीस चेन खाते.

मग करायचं काय? नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात ते भरा, झाकण घट्ट लावा आणि गॅरेजमध्ये द्या. गॅरेजवाले ते साठवतात, शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. देताना एवढं विचारा, की पुढे ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जातं ना. आणि ज्या डब्यात जळकं ऑइल भरत नाही तो भंगारात टाकण्याआधी भोसकून टाका, नाहीतर त्यातच भेसळीचं ऑइल भरून पुढच्या वेळी तुम्हालाच विकतील.

तेव्हा सबमिशन संपलं की येत्या रविवारी मेसच्या नाश्त्यानंतर कामाला लागा. आणि हो, तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा. पुढच्या वर्षी गाडी घेणारा ज्युनिअर दुवा देईल!