दाखला कुठं गेला?

बारावीचा निकाल लागला की पहिला फोन कॉलेजच्या सरांचा यायचा. घरी फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात यायचा. टक्के किती पडले हे ते विचारायचेच नाहीत. "दाखला काढलास का?" एवढाच प्रश्न. काढला नसेल तर "काढू नको, मी येतो." काढला असेल तर क्षणभर शांतता आणि मग, "कुणाकडं?"

साताऱ्यातल्या कॉलेजच्या हॉकी संघात मी तीन वर्षं खेळले, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. हंगाम दिवाळीच्या आगेमागे आटपायचा. शिवाजी विद्यापीठाच्या सातारा, सांगली, कोल्हापूर अशा विभागवार स्पर्धा व्हायच्या, मग आंतरविभागीय, आणि नशीब असलं तर विद्यापीठाच्या संघात एखादीचं नाव. जानेवारीपासून जूनपर्यंत मैदानावर काहीच नसायचं. गप्पांना मात्र ऊत यायचा. कुठली पोरगी कुठल्या कॉलेजात नाव घालणार, कुणाला फी माफ झाली, कुणाला वसतिगृहात फुकट जागा मिळाली, कुणाच्या वडिलांना नवी स्टिक दाखवून भुलवलं. एका वर्षी आमची गोलकीपर शेजारच्या तालुक्यात गेल्याची आवई उठली. तीन आठवडे आम्ही तिला शिव्या घातल्या. जूनमध्ये ती हजर. मे महिनाभर मामाकडं होती.

प्रशिक्षकांबद्दलच्या आवया तर विचारूच नका. "कोल्हापूरचे अमुक सर येणार, ठरलंय" हे मी तिन्ही उन्हाळ्यांत ऐकलं. जुलैत यायचं ते कंत्राटी माणूस, चार महिन्यांच्या मानधनावर. त्यातल्या एकाचं मानधन कॉलेजनं इतकं रखडवलं की बिचारा दसऱ्यालाच सायकलला पिशवी लावून निघून गेला. पुढचे सामने आम्ही पीटीच्या मॅडमच्या शिट्टीवर खेळलो. मॅडम खो-खोच्या. हॉकीत त्यांना एकच नियम ठाऊक होता, पायाला चेंडू लागला की शिट्टी. मैदान मुरमाचं. चेंडू खड्यावर आपटून नडगीवरच यायचा, त्यामुळं शिट्टी काही थांबायची नाही.

आम्हाला त्या वेळी कळत नव्हतं, की खरी उचलाउचल आमच्या डोक्यावरून चालली आहे. १९९६ मध्ये राज्य सरकारनं क्रीडा प्रबोधिनी सुरू केली होती. कॉलेज मुलगी अठराव्या वर्षी मागायचं, प्रबोधिनी तिला चौथी-पाचवीतच उचलू लागली. त्यासाठी हॉकी यायलाही नको. तीस मीटर धावणं, आठशे मीटर, उभी उडी, मेडिसीन बॉल फेकणं, शटल रन, पाठीची लवचिकता, उंची. या बॅटरी टेस्टच्या आकड्यांत बसली की पोरगी पुण्याला. दाखलाही पुण्याला. आमचे सर पुढं म्हणायचे, "आता आपल्याला उरलंसुरलं." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा होता, पण हिशेब चुकीचा नव्हता.

त्या हिशेबाचं फळ दिसायला पंचवीसेक वर्षं लागली. एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोचेफस्ट्रूमला ज्युनिअर विश्वचषक झाला. भारताच्या मुली कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडकडून शूटआउटमध्ये हरल्या, चौथ्या आल्या. त्या संघाच्या यादीत नाव होतं अक्षता आबासो ढेकळे, गाव वाखरी, तालुका फलटण. तिच्या पाठोपाठ पुढं आली आसूची वैष्णवी विठ्ठल फाळके. आणि सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा दादासो पिसाळ. तिघीही प्रबोधिनीच्या. इथं थोडं विषयांतर करते. आपल्याकडं बापाला घरात, भावकीत आबासो, दादासो म्हणतात, म्हणजे आबासाहेब, दादासाहेब. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तेच कागदावर लिहिलं. आता परदेशी समालोचक चेंडूबरोबर पळता पळता "दादासो" म्हणतो. गावच्या पारावर उठून उभं राहून ज्याला नमस्कार घालायचा, त्याचं नाव चीनमधल्या हांगझोच्या मैदानावर ओरडून घेतलं जातं. मला दर वेळी हसू येतं आणि दर वेळी बरंही वाटतं.

लग्नानंतर मी सांगलीत आले. इथं हॉकीचा विषय काढला की दोन मिनिटांत क्रिकेटवर येतो. लोकांचंही खोटं नाही. विजय हजारे १९१५ चे, सांगलीचे. मोठे झाले ते बडोद्याकडून खेळून. ऑस्ट्रेलियाचा क्लॅरी ग्रिमेट त्यांना शिकवायला मिळाला, तोही संस्थानी आश्रयामुळं. म्हणजे हेही एका अर्थी दाखला दुसरीकडं जाण्याचंच प्रकरण. आणि १३ फेब्रुवारी २०२३ ला तर अख्खी सांगली टीव्हीसमोर होती. महिला क्रिकेट लीगचा पहिला लिलाव, पहिल्या काही मिनिटांतच सांगलीची स्मृती मानधना, बंगळुरू, ३ कोटी ४० लाख. स्मृती तेव्हा विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत, आणि इथं आमच्या गल्लीत पेढे.

दीड वर्षानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये, हॉकी इंडिया लीगमध्ये महिलांचा पहिला लिलाव झाला, तेव्हा मी तो फोनवर एकटीच बघत बसले होते. चार संघ. एका संघाकडं सगळ्या खेळाडूंसाठी मिळून दोन कोटी. म्हणजे एकट्या मानधनाच्या बोलीत हॉकीचा दीड संघ उभा राहून वर पैसे उरले असते. सगळ्यांत महाग गेली उदिता, ३२ लाखांना. यावर रडायचं की हसायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला आमच्या वेळची ती नवी स्टिक आठवत होती, आणि ३२ लाख कमी म्हणायला जीभ वळत नव्हती.

तोवर दिल्लीत प्रशिक्षकांची ये-जा आमच्या कॉलेजसारखीच झाली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून ४-३ हरून मुली चौथ्या आल्या आणि श्योर्ड मरीन्ये हे डच गुरुजी घरी निघाले, ऑगस्ट २०२१. त्यांच्या सहायक यानेका शॉपमन मुख्य झाल्या. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं, त्या संघात वैष्णवी होती. मग १९ जानेवारी २०२४. रांचीला ऑलिंपिक पात्रता फेरी, जपानविरुद्ध ०-१, पॅरिस गेलं. महिन्याभरानं शॉपमन जाहीरपणे बोलल्या, की इथं आपल्याला मान मिळाला नाही, आणि राजीनामा दिला. एप्रिलमध्ये हरेंद्र सिंग आले. या प्रत्येक बदलाच्या वेळी माझ्या जुन्या मैत्रिणींच्या गटात एकच प्रश्न फिरायचा. नव्या सरांना आपल्या पोरी पसंत पडतील का? जणू पोरी दाखवायला न्यायच्या आहेत.

ऋतुजाच्या बाबतीत त्याचं उत्तर प्रजासत्ताक दिनी मिळालं. २६ जानेवारी २०२५, महिला लीगची पहिली अंतिम लढत, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. मैदान रांचीचं, जयपाल सिंग मुंडांच्या नावाचं. ज्या मैदानावर पॅरिस हुकलं, तेच. ओडिशाच्या प्रशिक्षक कोण, तर शॉपमन. विसाव्या मिनिटाला ऋतुजाचा गोल. सूरमानं बरोबरी केली. सामना शूटआउटकडं चाललाय असं वाटत असताना छप्पन्नाव्या मिनिटाला पुन्हा ऋतुजा. २-१. दोन्ही गोल एकीचेच. मी स्वयंपाकघरात किंचाळले तेव्हा सासूबाईंना वाटलं कुकर उडाला.

पुढचे महिने वाईट गेले. जूनमध्ये प्रो लीगमध्ये भारत तळाला गेला, खालच्या स्पर्धेत ढकलला गेला, आणि प्रशिक्षक राहणार की जाणार याच्या चर्चा सुरू झाल्या. सप्टेंबरमध्ये आशिया चषक हांगझोला. १० तारखेला कोरियाला ४-२ असं हरवलं. त्या सामन्याची गोलांची यादी मी कापून ठेवावी तशी जपली आहे. दुसऱ्या मिनिटाला फाळके. मध्ये संगीता, लालरेमसियामी. एकोणसाठाव्या मिनिटाला पिसाळ. चारातला पहिला आणि शेवटचा, दोन्ही साताऱ्याचे. अंतिम सामन्यात चीननं ४-१ असं धुतलं, ते सोडा.

आणि मग पुन्हा तीच बिनहंगामी गंमत. लीगच्या दुसऱ्या वर्षाची तयारी सुरू झाली तर यादीत ओडिशा वॉरियर्स नाहीच. त्या जागी रांची रॉयल्स. पहिल्यावहिल्या विजेत्या संघाचाच दाखला निघाला. आमच्या कॉलेजात निदान संघ जागेवर असायचा, पोरी जायच्या. १ डिसेंबर २०२५ ला हरेंद्र सिंग यांनी राजीनामा दिला. महिनाभर नावं उडत राहिली. २ जानेवारीला जाहीर झालं, मरीन्येच परत येणार.

त्या रात्री आमच्या त्या गोलकीपरचा फोन आला, मामाकडं गेलेलीचा. आता ती माण तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षिका आहे. "जुनेच सर आले म्हणे गं परत," म्हणाली. सरांवर बोलणं झालं, त्यांच्या आधीच्या सरांवर झालं, कोण संघाबाहेर जाईल यावर वाद झाला. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या वर्गात एक पोरगी हाय. पाचवीत. आठशे मीटर पळते अशी, की बघत राहावं. पुण्याच्या टेस्टला न्यावं म्हणते. पण तिची आजी म्हणते, एवढ्यात दाखला नको हलवायला."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"अजून काही नाही," म्हणाली. "पोरीला विचारलं, हॉकी बघितलीस का कधी? तर नाही म्हणाली."