खोललेली गाडी, खचलेलं मन

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अर्ध्या वाटेवर का दमते? आणि दमलेल्या माणसाने पुन्हा पाना हातात घ्यायचा तरी कसा? मोटारवेड्या चेन्नईतून एका वेगळ्याच दमछाकीची गोष्ट...

महाराष्ट्रात गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात त्या दसऱ्याला. चेन्नईत हा सोहळा आदल्या दिवशी, नवमीला होतो. आयुधपूजा म्हणतात तिला. सकाळपासून गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात, बॉनेटवर चंदन-कुंकू लागतं, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली जाते, दारात कोहळा फुटतो. रिक्षा, स्कूटर, बस, लॉरी, सगळ्यांची पूजा होते. मात्र एखाद्या जुन्या घराच्या आवारात ताडपत्रीखाली एक गाडी तशीच राहते. पूजा करायची कशी? तिला चाकंच नाहीत! इंजिन व्हरांड्यात आहे, दारं माळ्यावर आहेत आणि नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत. घरातून दरवर्षी प्रश्न येतो, ‘‘अहो, हिची पूजा कधी?’’ आणि उत्तरही दरवर्षी तेच असतं, ‘‘पुढच्या वर्षी नक्की!’’

जुन्या मोटारींची हौस असलेल्यांना ही ‘पुढच्या वर्षीची गाडी’ चांगलीच ठाऊक असते. झळाळत्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो सगळीकडे छापून येतात. अर्ध्यावर थांबलेल्या गाडीचा फोटो कुणी काढत नाही. तिच्या मालकाच्या मनात काय चाललंय, हेही कुणी विचारत नाही.

मद्रासचं मोटारवेड

हे वेड चेन्नईच्या रक्तातच आहे. १९०३ मध्ये मद्रासच्या सिम्पसन कंपनीत वाफेवर चालणारी मोटार तयार झाली होती. १९४८ मध्ये इथेच अशोक मोटर्सची स्थापना झाली. ऑस्टिन गाड्यांची जोडणी करणारी ही कंपनी पुढे अशोक लेलँड म्हणून देशभर पोहोचली. शहराच्या दक्षिणेला पेरुंगळत्तूरजवळ स्टँडर्ड मोटर कंपनीचा कारखाना होता. तिथून १९६१ पासून बाहेर पडलेली ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही मद्रासची खरी लाडकी लेक. मुंबईला प्रीमियरची फियाट, कलकत्त्याला अँबेसेडर, तशी मद्रासला हेराल्ड.

ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय बहीण. तिची ठेवण इटलीच्या मिकेलोत्ती या शैलीकाराची. तिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट समोरच्या बाजूला उलटतं आणि अख्खं इंजिन उघडं पडतं. बाकीची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टने बसवलेली. साधा पान्यांचा संच असला की गाडी सुटी करता येते. पण १९८५ मध्ये आणलेली ‘स्टँडर्ड २०००’ चालली नाही, १९८८ मध्ये कारखान्याचं काम थांबलं आणि हेराल्डवाल्यांचं माहेरच तुटलं. आता सुटा भाग हवा तर एग्मोरजवळच्या पुदुपेट्टै बाजारात भंगारातल्या गाड्यांच्या ढिगांतून शोधायचा, जनरल पॅटर्स रोडवरच्या दुकानांत विचारायचं, नाहीतर लेथवर घडवून घ्यायचा.

खोलायला सोपी, जोडायला कठीण

गंमत अशी, की हेराल्ड खोलायला सोपी आहे हाच तिचा सापळा आहे. पहिल्या रविवारी बॉनेट निघतं, दुसऱ्या रविवारी दारं, तिसऱ्या रविवारी इंजिन दोरखंडाला लटकतं. शेजारी बघायला येतात. दर आठवड्याला काहीतरी घडलेलं दिसतं आणि हौशी माणसाला वाटतं, या वेगाने तर पोंगलपर्यंत गाडी दारात उभी राहील.

मग गंज दिसतो. चेन्नईची हवा समुद्राची, खारी आणि दमट. वरून धड दिसणारा पत्रा खालून चाळणी झालेला असतो. आता काम सुरू होतं ते खरवडण्याचं, वेल्डिंगचं, घासण्याचं. दहा रविवार राबूनही बघणाऱ्याला गाडी होती तशीच दिसते. पैसा मात्र वाहत असतो. मेकॅनिक ‘नाळै’ म्हणतो, म्हणजे उद्या, आणि तो उद्या येत नाही. दरम्यान, कोणता बोल्ट कुठला हे विसरायला झालेलं असतं.

आणि एका रविवारी माणूस गाडीकडे फिरकतच नाही.

याला आळस म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये अशा अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती नोकरीतल्या ताणापुरती. पण तिथे सांगितलेल्या तीन खुणा हौसेच्या कामातही ओळखीच्या वाटतात. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल कडवटपणा येणं आणि ‘आपल्याला हे जमतच नाही’ असं वाटू लागणं. ताडपत्रीकडे बघताच मान फिरवणाऱ्या माणसाला या तिन्ही खुणा विचारून पाहाव्यात.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. नोकरीत दमलेला माणूस हौसेकडे वळतो, कारण तिथे मन रमतं. तीच हौस ओझं झाली, तर त्याने जायचं कुठे? म्हणून ही दमछाक एका गाडीपुरती राहत नाही. चिडचिड घरात येते. खर्चाचा हिशेब लपवला जातो. मुलांना वेळ दिला नाही याची बोचणी आणि गाडीला वेळ दिला नाही याची बोचणी, दोन्ही एकाच रविवारी!

अंदाज चुकतो तो का?

पहिली चूक अंदाजाची असते. १९९४ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त! ठरलेल्या अभ्यासाच्या प्रबंधाची ही कथा. मग पत्र्याखाली काय दडलंय हेच माहीत नसलेल्या गाडीचं काय! तेव्हा सुरुवातीलाच ठरवलेला वेळ आणि पैसा दुप्पट धरावा. तारीख चुकली म्हणून माणूस नालायक ठरत नाही, चुकलेली असते ती तारीख.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. हार्वर्डच्या प्राध्यापक टेरेसा अमाबिले यांनी २३८ नोकरदारांच्या सुमारे १२ हजार रोजनिशी-नोंदी तपासल्या. माणसांना हुरूप कशाने येतो? बक्षिसाने? शाबासकीने? सर्वांत जास्त हुरूप आला तो महत्त्वाच्या कामात थोडीशी का होईना प्रगती झाली त्या दिवशी. म्हणजे उमेद आली की काम होतं, हे अर्धंच खरं. काम थोडं पुढे सरकलेलं दिसलं, की उमेद येते!

गाडीच्या बाबतीत सगळी गोम इथेच आहे. सगळी गाडी एकदम खोलली, की प्रगती दिसेनाशी होते आणि दिसेनाशी झाली की मन उठतं. उपाय तिथेच शोधायचा.

दमलेल्यांसाठी काही युक्त्या

एका वेळी एकच भाग. पूर्ण गाडी ‘करायची’ नाही. या महिन्यात फक्त कार्ब्युरेटर, पुढच्या महिन्यात फक्त डावं दार. तो भाग पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला पाना लावायचा नाही. झालेला भाग पुसून, कापडात गुंडाळून डोळ्यांसमोर ठेवायचा.

रोज अर्धा तास पुरे. आठ तासांचा रविवार मिळेपर्यंत थांबणाऱ्याला तो मिळत नाही. जेवणानंतर अर्ध्या तासात एक दिवा साफ होतो, एक वायर बदलता येते.

डब्यांना नावं द्या. सुटा झालेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि खोलण्याआधी फोटो. घरातली मुलं हे काम आनंदाने करतात आणि गाडी ‘बाबांची’ न राहता घरची होते.

ऋतू पाहून काम करा. चेन्नईत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दमट हवेत मारलेल्या रंगावर दुधी झाक येण्याची भीती असते. तेव्हा रंगकाम जानेवारीनंतर, आणि पावसात बसल्या जागची कामं. सुटे भाग जमिनीवर ठेवू नयेत. डिसेंबर २०१५ च्या पुरात शहराच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं होतं.

दमलेल्या हाताने गाडीखाली जाऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही. खाली भक्कम स्टँड हवेतच. त्रासलेलं मन घाई करतं आणि घाईत बोटं जातात.

ठरवून सुट्टी घ्या. ‘पोंगलनंतर पुन्हा सुरू’ असं कॅलेंडरवर लिहून झाकलेली ताडपत्री म्हणजे विश्रांती. न लिहिता झाकली, तर ती टाळाटाळ.

एकट्याने झुरू नका. हेराल्डचा एखादा भाग तुम्हाला मिळत नसेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो. त्याच वाटेवरच्या माणसाशी तासभर बोलणं हे पुष्कळदा नव्या भागाइतकंच उपयोगी पडतं.

मातीतून आणि शोभेतून उठलेली यंत्रं

धीर हवा असेल, तर ‘बॅब्ज’ची गोष्ट ऐकावी. १९२७ मध्ये वेल्सच्या पेंडाइन वाळूवर वेगाचा विक्रम करताना पॅरी-थॉमस हा चालक मरण पावला आणि त्याची गाडी तिथेच वाळूत पुरली गेली. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या शिक्षकाने ती उकरून काढली. ४२ वर्षांचा गंज! गाडी पुन्हा उभी करायला त्यांना सुमारे १५ वर्षं लागली.

इतकं लांब जायला नको. चेन्नईच्याच पेरांबूर लोको वर्क्सने २०१० मध्ये १८५५ सालचं ‘ईआयआर २१’ हे वाफेचं इंजिन पुन्हा रुळावर धावतं केलं. शंभर वर्षं ते निव्वळ शोभेची वस्तू होऊन उभं होतं. अर्थात तिथे एक अख्खा कारखाना आणि कसबी हात होते. घरच्या आवारात एकट्याने झटणाऱ्याने स्वतःची तुलना त्यांच्याशी करू नये. वडपळनीच्या एव्हीएम स्टुडिओत २०२३ मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयातल्या चकचकीत गाड्या पाहूनही खट्टू होऊ नये. तिथे दिसतो तो शेवटचा दिवस, मधली वर्षं दिसत नाहीत.

आणि सोडून द्यावीशी वाटली तर?

तर तेही लाजिरवाणं नाही. ‘इतका पैसा घातला, आता कशी सोडू?’ हा प्रश्न फसवा आहे. गेलेला पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच असतो. विचारायचं ते एवढंच, की आज ही गाडी या अवस्थेत कुणी समोर आणली असती, तर मी घेतली असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर अर्ध्या तासाचं काम शोधावं. ‘नाही’ असेल, तर सगळे भाग, कागदपत्रं आणि चिठ्ठ्यांसह ती योग्य माणसाला द्यावी. भंगारात गेलेली गाडी परत येत नाही. दुसऱ्याच्या हातात गेलेली एखाद्या दिवशी रस्त्यात भेटते.

पुढे जायचं ठरलंच, तर एक मुक्कामही समोर ठेवता येतो. जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा खास क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचं पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. पण घरच्यांना बसवून प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेण्याइतकी मुभा असते. आणखी काय हवं?

पण तो मुक्काम लांबचा. तोवर आयुधपूजेला काय करायचं? चेन्नईच्या रिवाजात त्याचंही उत्तर आहे. या दिवशी पूजा फक्त गाडीची नसते, हत्यारांचीही असते. तेव्हा पुढच्या नवमीला ताडपत्री बाजूला सारावी. व्हरांड्यातल्या इंजिनाला, साफ करून ठेवलेल्या एका कार्ब्युरेटरला आणि पान्यांच्या पेटीला चंदन-कुंकू लावावं. घरातून विचारणा झालीच, तर ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणू नये. ‘‘या महिन्यात डावं दार,’’ एवढंच म्हणावं. आणि ते दार बसवून दाखवावं!