अर्धशिशीची संथ लाट

मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी तासाला डोके टेकवून बसली, की माझा विषय तिला कंटाळवाणा वाटतो असे मी समजत असे. (तसा तो वाटतही असेल!) एकदा ती म्हणाली, "मॅडम, फळ्यावर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात आणि मग अर्धे डोके ठणकू लागते." ही अर्धशिशी.

विद्यार्थीमित्रांनो, अशा रेषा थोड्याच रुग्णांना दिसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली हे त्यांतले एक. नजर एका बिंदूवर रोखून ते त्या रेषा कागदावर उतरवून घेत. रेषांना मध्यापासून कडेला सरकायला किती मिनिटे लागतात आणि मेंदूतला दृष्टीचा भाग किती लांब आहे, एवढ्यावरून १९४१ साली त्यांनी गणित मांडले: मेंदूवरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत आहे. ३ सेंटिमीटर लांबीच्या मिनिटकाट्याचे टोक याच वेगाने फिरते, पडताळून पाहा!

१९४४ साली ब्राझीलच्या लेआंव यांनी सशाच्या मेंदूत जवळपास त्याच वेगाची लाट नोंदवली. लाट येते तेथील पेशी क्षणभर उत्तेजित होतात, मग काही मिनिटे गप्प राहतात. चमकती रेषा ही लाटेची आघाडी. दुखतो मात्र मेंदू नव्हे. दुखतात त्याची आवरणे.

आता, स्त्रियांनाच हा त्रास अधिक का? लहानपणी मुलगे व मुली यांत फारसा फरक नसतो. वयात आल्यावर मात्र तो पडतो आणि मोठेपणी एका पुरुषामागे दोन-तीन स्त्रियांना अर्धशिशी असते. संशय जातो इस्ट्रोजेन या संप्रेरकावर. त्यातही त्याच्या प्रमाणावर नव्हे, तर पाळीपूर्वी ते एकाएकी घसरते त्यावर. १९७२ साली ऑस्ट्रेलियातील सॉमरव्हिल यांनी काही स्त्रियांना पाळीआधी इस्ट्रोजेन टोचले. पाळी ठरल्या वेळी आली, डोकेदुखी मात्र काही दिवस पुढे गेली! पुढे २००९ साली अर्धशिशीचे जनुक घातलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. माद्यांच्या मेंदूत ती लाट नरांपेक्षा सहज उठे. अंडाशय काढल्यावर हा फरक उरला नाही. हे सारे कारण नव्हे, पण मोठा दुवा खरा.

याला 'नाटक' म्हणणारे घरी असतात, शिक्षकांतही असतात. मीही त्यांतलीच होते. त्या मुलीला डॉक्टरांनी दुखण्याच्या आणि पाळीच्या तारखा वहीत मांडायला सांगितल्या आहेत. ती वही तिने मला दाखवली. तिच्या भौतिकीच्या प्रयोगवहीपेक्षा ती कितीतरी नीटनेटकी आहे.