काळजा, साक्ष देऊ नकोस!

शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारा शेणकिडा कोणी हातातही धरणार नाही. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी मात्र त्याचाच ताईत केला. हा किडा गोळा ढकलतो, तसाच सूर्य आकाशात ढकलला जातो, असे त्यांना वाटे. गोळ्यातून नवे किडे निघताना पाहून तो आपोआप जन्मतो, अशीही त्यांची समजूत झाली. प्रत्यक्षात मादी शेणात अंडे घालते, एवढेच!

मऊ दगडात किडा कोरून त्याला निळी-हिरवी झिलई देत. पोटाच्या सपाट बाजूवर नाव किंवा चिन्ह कोरले, की शिक्काही तयार होई. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तर कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांत १०२ सिंह मारल्याची बढाई अशा किड्यांवर कोरवून घेतली.

पण आम्हाला विचारात पाडतो तो मृताच्या छातीवर ठेवायचा मोठा किडा. मेल्यावर माणसाचे काळीज सत्याच्या पिसाशी तोलले जाते, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून त्या किड्यावर काळजालाच विनवणी कोरलेली असे : न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

वाचकहो, ही भीती देवाची नव्हे, आपल्याच काळजाची! आपण काय केले ते काळजाला ठाऊक असते, हे त्या लोकांना पक्के कळले होते. मग ताईत कोरण्यापेक्षा वर्तन सुधारणे स्वस्त नव्हते काय?