मज्जातंतूंचा थकवा, त्यावरील औषधे आणि रात्रीची झोप

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारपेठेची स्थिती, कर आणि गोदामांची व्यवस्था ह्या विषयांवर लेख येतात, व ते यावयासच हवेत. परंतु पेढी चालते ती घरातील माणसांच्या बळावर. ते बळ एखाद्या माणसातून दिवसाढवळ्या, काही दुखतखुपत नसताना निघून जाऊ लागले, तर त्याचा हिशोब कसा मांडावा, ह्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात होते. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे. आमच्या थोरल्या सूनबाईंना गेली नऊ वर्षे 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हा विकार आहे. त्या निमित्ताने तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे ऐकले, वाचले आणि घरात अनुभवले, ते त्यांच्या संमतीने सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

विकाराचे स्वरूप

मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू ह्यांतील तंतूंवर मायलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसेच हे समजावे. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती जी बाहेरच्या जंतूंशी लढावयाची, तीच ह्या विकारात चुकून ह्या आवरणावर हल्ला करते. आवरण जागोजागी विरते, तेथे कठीण डाग पडतात आणि संदेश मंदावतात किंवा वाटेतच थांबतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर शार्को ह्यांनी १८६८ साली ह्या विकाराचे व्यवस्थित वर्णन केले. तो बहुधा वीस ते चाळीस ह्या वयात प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. म्हणजे ज्या वयात संसार आणि धंदा दोन्ही खांद्यांवर असतात, नेमक्या त्याच वयात. हा विकार संसर्गजन्य नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

दृष्टी अधू होणे, पायांत मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे इतरांस दिसतात किंवा समजतात. थकवा मात्र कोणास दिसत नाही, आणि बहुसंख्य रुग्णांना सर्वांत अधिक छळतो तो हाच.

हा थकवा आणि नेहमीचा शीण

दिवसभर पोती मोजून, काट्यावर उभे राहून येणारा शीण आपण सर्व जाणतो. जेवण आणि झोप झाली की तो उतरतो. ह्या विकारातील थकव्याची जात निराळी आहे. तो केलेल्या कामाच्या प्रमाणात नसतो. रात्रभर झोपलेला माणूससुद्धा सकाळी उठतो तो रिकाम्या पोत्यासारखा. कधी दुपारी बोलता बोलता शब्द सुचेनासे होतात, हातातील भांडे जड वाटते. तंतूंचे आवरण विरल्यामुळे तोच संदेश पोहोचविण्यास मेंदूला अधिक श्रम पडतात, हे ह्याचे एक कारण मानले जाते.

उष्णतेने हा त्रास वाढतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी विरलेल्या तंतूतून संदेश जाणे अडते. जर्मन नेत्रवैद्य उहथॉफ ह्यांनी १८९० सालीच श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते हे नोंदविले होते. त्यामागे शरीराची वाढलेली उष्णता असते हे पुढे ध्यानात आले. आमच्या बेळगावात चैत्र-वैशाखात, शेगडीसमोर तासभर उभे राहिल्यावर सूनबाईंची जी अवस्था होई, तिचा उलगडा आम्हांस ह्यातून झाला. अंग थंड झाले की हा त्रास उतरतो. त्याने नवी इजा होत नाही.

आप्तवर्गात ह्या अवस्थेला 'आळस' म्हणणारी माणसे भेटतात. आमच्याही कानांवर तो शब्द आला. ज्याला आळस असतो त्याला काम नको असते; ह्या रुग्णाला काम हवे असते आणि शरीर साथ देत नाही. हा भेद घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम समजून घेतला पाहिजे.

औषधापूर्वी खतावणी तपासावी

पेढीत तूट आली की आपण लगेच कर्ज काढीत नाही. आधी गळती कोठे आहे ते पाहतो. येथेही तसेच करावे. रक्ताल्पता, थायरॉइड ग्रंथीची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ह्यांनीही थकवा येतो. ब-१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांत असल्यामुळे आपल्यासारख्या शाकाहारी घरांत त्याची उणीव नेहमी आढळते, आणि ह्या उणिवेने मज्जातंतूंच्या आवरणालाच इजा पोहोचते. म्हणून ही तपासणी अवश्य करावी. मनाची खिन्नता हेही थकव्याचे मोठे कारण असून तिच्यावर उपचार आहेत. त्यात लपविण्यासारखे काही नाही.

सर्वांत मोठी गळती असते ती झोपेची. ह्या विकारात रात्री वारंवार लघवीस उठावे लागते, पायांना पेटके येतात, पाय सतत हलवावेसे वाटतात, काहींचा श्वास झोपेत अडतो. विकार एकाएकी बळावल्यावर जी स्टेरॉइड औषधे देतात त्यांनीही काही दिवस झोप उडते. उलट पेटक्यांवरील बॅक्लोफेनसारख्या औषधाने दिवसा गुंगी येते. रात्रीची झोप अशी फाटलेली असेल, तर दिवसाच्या थकव्याचा सर्व दोष मूळ विकारावर टाकणे योग्य होणार नाही.

थकव्यावरील औषधे

ह्यासाठी प्रामुख्याने दोन औषधे दिली जातात. पहिले अमँटाडीन. हे मुळात इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरील औषध. १९६९ साली कंपवातावर त्याचा गुण दिसून आला व पुढे ह्या थकव्यासाठीही ते वापरू लागले. दुसरे मोडाफिनिल. फ्रान्समध्ये निघालेले हे औषध दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारासाठी आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या थकव्यासाठी डॉक्टर ते स्वतःच्या निर्णयाने देतात. क्वचित मिथाइलफेनिडेट हे तिसरे औषधही देतात. त्यावर कायद्याचे कडक नियंत्रण आहे.

ही औषधे जागृती वाढवितात, आणि अडचण तेथेच आहे. मोडाफिनिलचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे १५ तास लागतात. म्हणजे सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा निम्मा अंश रात्री अकरा वाजताही शरीरात असतो. तीच गोळी दुपारी तीनला घेतली, तर हा निम्मा अंश पहाटे सहापर्यंत पुरतो. मग झोप न आल्यास नवल काय? अमँटाडीनही शरीरात असेच रेंगाळते. त्याने झोप उडते, चमत्कारिक स्वप्ने पडतात आणि क्वचित भासही होतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते. म्हणून गोळी सकाळी घ्यावी, आणि डॉक्टरांनी दुसरी सांगितली असेल तर ती भर दुपारच्या आत घ्यावी, हा नियम.

आणखी काही सावधगिरी आवश्यक आहे. मोडाफिनिलने डोके दुखणे, छातीत धडधडणे, मन अस्वस्थ होणे हे प्रकार होतात. अंगावर पुरळ उठल्यास औषध थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. ह्या औषधाने संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, आणि हा परिणाम औषध बंद केल्यावरही महिनाभर राहतो. गर्भावस्थेत तर ते टाळावयाचे असते. संकोचामुळे ही गोष्ट घरात बोलली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिली. अमँटाडीनने पायांवर सूज आणि त्वचेवर जाळीदार डाग येऊ शकतात, आणि ते एकाएकी स्वतःच्या मनाने बंद करू नये. झोप येत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणून दुसऱ्या बाजूने जोडण्याचा मार्ग तर सर्वस्वी टाळावा.

औषधांचा गुण किती?

आपण नमुना पाहिल्याशिवाय माल घेत नाही. ह्या औषधांचाही नमुना तपासला गेला आहे. अमेरिकेत १४१ रुग्णांना अमँटाडीन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि औषध नसलेली नुसती गोळी अशा चारही गोष्टी आळीपाळीने, प्रत्येकी सहा आठवडे देण्यात आल्या. कोणती गोळी चालू आहे हे रुग्णास ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यासही नव्हते. जणू चिठ्ठी नसलेल्या पोत्यांतील वाणगी. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. थकव्याच्या मापनात आरंभी सुमारे ५१ गुण होते. नुसत्या गोळीने ते सुमारे ४१ वर आले आणि तिन्ही औषधांनीही ३९ ते ४१ च्या दरम्यानच आले. त्रास मात्र नुसत्या गोळीवर १०० पैकी ३१ जणांना, तर औषधांवर सुमारे ४० जणांना झाला.

पुढे २०२४ साली ३३६ रुग्णांवरील दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोडाफिनिल, टेलिफोनवरून शिकविलेली विचार व सवयी बदलण्याची पद्धत, आणि दोन्ही एकत्र अशी तुलना बारा आठवडे केली. तिन्ही गटांत थकवा उतरला. दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ झाला नाही. नुसत्या गोळीचा गट त्यात नव्हता, हे ध्यानात ठेवावे. ह्याचा अर्थ औषध टाकाऊ आहे असा नव्हे. एखाद्यास त्याने खरोखर आधार मिळतो. परंतु सर्वांस गुण येतोच असे नाही, आणि सवयींची सुधारणा गोळीच्या बरोबरीने उभी राहते. औषधाने दिलेला जोम जर रात्रीच्या झोपेतून वसूल होत असेल, तर ती मिळकत नसून उसनवारी आहे, आणि तिचे व्याज दुसऱ्या सकाळी भरावे लागते.

रोजमेळ ठेवावा

डॉक्टरांपुढे 'बरे वाटत नाही' एवढेच सांगितल्याने त्यांस काही उमगत नाही. आमच्या घरी एका वहीत पाच रकाने आखले: गोळीची वेळ, निजण्याची वेळ, रात्री किती वेळा व कशामुळे जाग आली, चहा केव्हा घेतला, आणि दुपारी चार वाजता अंगातील बळ दहापैकी किती. तीन आठवड्यांच्या नोंदीवरून दिसले, की सूनबाई रात्री चार वेळा उठत. दोनदा लघवीसाठी आणि दोनदा पेटक्यांमुळे. डॉक्टरांनी पेटक्यांच्या औषधाचा मोठा भाग रात्रीवर नेला, लघवीवर उपचार केले आणि मोडाफिनिलची दुपारची गोळी बंद करून सकाळची अर्धी ठेवली. दोन महिन्यांत दुपारचा आकडा तीनवरून पाचावर आला. पाच म्हणजे दहा नव्हेत. पण पाचात मुलांचा अभ्यास घेता येतो.

त्याबरोबर काही साधे बदल केले. जड काम सकाळी उरकावे, ओट्याशी उंच स्टूल ठेवावे, उन्हाळ्यात गार पाण्याने स्नान करावे. दुपारची विश्रांती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाहून कमी असावी. दुपारनंतर चहा नाही. झेपेल तितका व्यायाम नित्य करावा. त्याने थकवा वाढतो ही समजूत बरोबर नाही.

आपल्या आचारधर्माशी ह्याचा मेळ सहज बसतो. चौविहार पाळणाऱ्यांनी पाणी दिवसा पुरेसे पिऊन घ्यावे. सूर्यास्तानंतर न पिण्याने रात्रीचे उठणे कमी होते. मात्र लघवीच्या भीतीने दिवसभर तहान मारू नये. रात्री घ्यावयाच्या गोळीची वेळ ह्या नियमात बसते की नाही, हे डॉक्टरांना आरंभीच विचारावे. पर्युषण अथवा दशलक्षण पर्वातील उपवासांपूर्वी गोळ्यांविषयी त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि रुग्णाने उपवास केला नाही तर घरात कोणी त्यास बोल लावू नये.

शेवटी दोन व्यावहारिक माहिती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ह्या विकाराचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात कमीपणा मानू नये. तसेच मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांस व कुटुंबांस मार्गदर्शन करते.

सभासद बंधूंना एवढीच विनंती, की आपल्या घरात, पेढीवर किंवा नोकरवर्गात कोणी कारणावाचून थकू लागले, तर त्यास दोष देण्यापूर्वी एकदा मज्जातंतुतज्ज्ञाकडे न्यावे; आणि औषध सुरू झाल्यावर त्याची रात्र कशी जाते हे रोज विचारावे.