ताऱ्यांच्या जन्माचा पाठ : चित्रे कशी वाचावीत

ताऱ्यांची उत्पत्ती हा विषय वरच्या इयत्तांत शिकविताना मुख्य अडचण एकच असते. तारा जन्मास येण्यास लक्षावधी वर्षे लागतात; ती क्रिया आरंभापासून अखेरपर्यंत कोणासही पाहता येत नाही. त्यामुळे मुले ‘वायूचा मेघ आकुंचन पावून तारा बनतो’ हे वाक्य पाठ करतात आणि पाठ तेथेच संपतो. अवकाशातील दुर्बिणींनी घेतलेली चित्रे ही उणीव भरून काढू शकतात; मात्र ती केवळ दाखवू नयेत, मुलांकडून वाचून घ्यावीत.

प्रथम हबल दुर्बिणीने १९९५ साली घेतलेले गरुड तेजोमेघातील धूळस्तंभांचे चित्र दाखवावे. हा तेजोमेघ सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. ‘काळ्या भागात काय असेल?’ असे विचारावे. पुष्कळ मुले ‘काही नाही’ असे म्हणतील. ते उत्तर फलकावर तसेच लिहावे.

नंतर त्याच जागेचे, वेब दुर्बिणीने २०२२ साली घेतलेले चित्र शेजारी लावावे. यात स्तंभ विरळ भासतात, असंख्य तारे चमकतात आणि स्तंभांच्या कडांशी तांबडे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे अवघ्या काही लक्ष वर्षे वयाचे तारे होत. चुलीवरून उतरविलेला तवा अंधारात दिसत नाही, पण हात जवळ नेताच त्याची धग कळते. ही धग वाहणाऱ्या अवरक्त किरणांना वेब दुर्बीण टिपते. हे किरण धुळीतून बरेचसे पार जातात. आता फलकावरील उत्तर मुलांनीच दुरुस्त करावे : काळा भाग रिकामा नसून धुळीने व वायूने भरलेला आहे.

याच थंड, दाट भागात गुरुत्वाकर्षणाने द्रव्य एकत्र येते, गाभा तापत जातो आणि तापमान सुमारे १ कोटी अंशांवर पोहोचले की हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होते. हा क्रम एकाच ताऱ्याकडे पाहून कळलेला नाही. शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंतची मुले एकाच दिवशी पाहिली, तरी मूल कसे वाढते हे उमगते. त्याचप्रमाणे निरनिराळ्या अवस्थांतील ताऱ्यांवरून हा क्रम लावला आहे.

रंगांविषयीही खुलासा करावा. हबलच्या या चित्रात हिरवा रंग हायड्रोजनचा, तांबडा गंधकाचा व निळा ऑक्सिजनचा निदर्शक आहे. नकाशात जिल्हे निरनिराळ्या रंगांत दाखवितात, म्हणून जमीन त्या रंगांची नसते.

शेवटी गृहपाठ द्यावा. हिवाळ्यातील निरभ्र, अंधाऱ्या रात्री मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला तो तेजोमेघही ताऱ्यांचे जन्मस्थान आहे. मुलांनी वहीत ‘पाहिले’ व ‘अनुमान केले’ असे दोन रकाने आखून नोंद करावी. या दोहोंतील भेद ज्यास कळला, त्यास हा पाठ आला असे समजावे.